लाडक्याच्या गोळीचे एकोणीस वाटे

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. खोडाळ्याच्या पुढच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तेरा वर्षं काढली. पगारपत्रकावर मी औषधनिर्माता, लोकांच्या तोंडी कंपाउंडर. औषध म्हणून मी जन्मात काही निर्माण केलेलं नाही. वरून आलेलं मोजून द्यायचं आणि घेणाऱ्यावर ओरडायचं, एवढंच माझं काम. दिवसातून तीन वेळा एकेक घ्या म्हटलं, की लोक तिन्ही गोळ्या एकदम गिळतात आणि वर बरं वाटलं म्हणून सांगायला येतात. अशाने माणूस चिडका होणार नाही तर काय होणार?

पण मला सांगायचंय ते लाडक्याबद्दल.

लाडक्या हेदपाड्याचा. आमच्या केंद्रापासून दोन तासांची चाल, मध्ये एक ओढा, तो पावसात वाट अडवतो. घरं एकोणीस. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर. लाडक्या मात्र भट्टीवर जात नसे, कारण पाड्याला तो लागायचा. पाड्याने मिळून जे काही मिळवलं, डोहातले मासे असोत, खेकडे असोत, आग्या मोहळाचा मध असो, त्याचे वाटे लाडक्या घालायचा. त्याच्या आधी त्याचा बाप घालायचा. पळसाची एकोणीस पानं ओळीने मांडायची आणि उकिडवं बसून प्रत्येकावर सारखं ठेवत जायचं. तराजू नाही, माप नाही. एक मासा जास्त झाला तर त्याचे एकोणीस तुकडे. सगळ्यांनी आपापलं पान उचलायचं आणि राहिलेलं शेवटचं लाडक्याने घ्यायचं. वाटे घालणारा शेवटी उचलतो म्हणून त्याचा हात सरळ राहतो, असं तिथे मानतात. चाळीस वर्षांत त्याच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

हा माणूस किती सरळ होता ते सांगतो. एका थंडीत मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने पाड्यावर अकरा ब्लँकेटं आणून दिली आणि फोटो काढून गेले. घरं एकोणीस, ब्लँकेटं अकरा. लाडक्याने विळा घेतला आणि दुपारपर्यंत प्रत्येक घराला सारखा वाटा करून दिला. वाट्याला आलेलं कापड अंगावर घ्यावं तर पाय उघडे, पायावर घ्यावं तर पोट उघडं. पुढच्या वर्षी मंडळ परत आलं तेव्हा पाड्यातले सगळे पुरुष एकाच कापडाची मुंडाशी बांधून स्वागताला उभे होते. मंडळाच्या बाईंना वाटलं, हा इथला पारंपरिक पोशाख. त्यांनी त्याचेही फोटो काढले.

तर अशा माणसाच्या वाट्याला, सन दोन हजारच्या पावसाळ्याआधी, एक योजना आली.

योजना हृदयाची होती. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. हृदयाचा झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या. पण गोळ्या थोड्या आणि माणसं फार. तेव्हा सगळ्यांना एकेक वाटत बसण्यापेक्षा, ज्याच्या डोक्यावर दगड लोंबकळतोय त्याला आधी बाजूला ओढा. सगळ्यांत जास्त धोका कुणाला, ते शोधा आणि त्यालाच द्या. आमच्या केंद्राला नऊ माणसांपुरत्या गोळ्या आल्या आणि ती नऊ माणसं शोधायला एक रंगीत तक्ता आला. वय, ब्लड प्रेशर, बिडी-तंबाखू, साखर, रक्तातली चरबी. बोट फिरवत गेलं की शेवटी एका चौकोनावर येतं. हिरवा असेल तर घरी जा, पिवळा असेल तर जपून राहा, लाल असेल तर गोळ्या.

आमच्या डॉक्टर होत्या पुष्पलता मॅडम. नाशिककडच्या, वयाने माझ्या निम्म्या, हसऱ्या. मी जितका चिडायचो तितक्या त्या हसायच्या, त्यामुळे केंद्राचं एकूण तापमान बरं राहायचं. तक्ता बघून त्या म्हणाल्या, "चरबी तपासायची सोय आपल्याकडे नाही."

मी पत्रक वाचून दाखवलं, "सोय नसल्यास सर्वसाधारण धरावी."

"आणि वय?"

वयाबद्दल पत्रकात काही नव्हतं. वय प्रत्येकाला असतंच, असं लिहिणाऱ्याला वाटलं असावं.

तक्त्यापेक्षा मोठी अडचण निराळीच निघाली. आमच्या तालुक्यात यादीला फार मान. रेशनची यादी, घरकुलाची यादी, दारिद्र्यरेषेची यादी. यादीत नाव असलं तर माणूस आहे, नसलं तर तो स्वतःच्या पायांनी समोर उभा असला तरी नाही. लाल यादी निघाली म्हटल्यावर बाजाराच्या दिवशी केंद्रासमोर दोनशे माणसं. सगळ्यांना धोका पाहिजे होता. हेदपाड्याचा माघ्या डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढावरून पळत आला आणि धापा टाकत दंड पुढे करून म्हणाला, "आथाच मोज, आथाच!" त्याचा भाऊ वाटेत मूठभर मीठ खाऊन आला होता, तो यंत्रापर्यंत पोचायच्या आधी मोरीवर पोचला. शाळेचे गौतम गुरुजी पिवळ्यात निघाले तर रुसले. एवढी वर्षं सेवा केल्यावर पिवळा म्हणजे अपमान, असं त्यांचं म्हणणं. एका म्हातारीला मी विचारलं, घरात कुणी हृदयाने गेलंय का? ती म्हणाली, "हृदय चालू ठेवून कोण गेला हाय, सांग मना." मी पुढच्याला बोलावलं. आणि या दोनशेतल्या निम्म्यांना कुणी नीट पाहिलं असतं, तर त्यांना गोळी नव्हे, दोन वेळचं पोटभर हवं होतं; पण ते कळायला तक्त्यात चौकोन नव्हता.

लाडक्या त्या दिवशी आलाच नाही. यादीत जायचं म्हणजे पुढे घुसायचं, आणि तो तर सगळ्यात शेवटी उचलणारा. त्याला आणलं त्याच्या बायकोने, ठकीने, पाचव्या दिवशी, मनगटाला धरून. लाडक्याचे दोन्ही थोरले भाऊ असेच बसल्या जागी गेले होते, एक भारा उतरवताना, एक हसताना. ठकीने मॅडमना एवढंच सांगितलं, "हा पन जाईल. मना दिसतं."

प्रेशर निघालं दोनशे दहा. खालचं एकशे वीस. मी यंत्र झटकून परत लावलं, तेवढंच. बिडी दिवसाला एक बंडल. राहिलं वय. रेशनकार्डावर तो चौपन्न वर्षांचा होता, मतदार यादीत एकाहत्तरचा, आणि स्वतः म्हणत होता की टोळ आले त्या वर्षी तो गुरं राखायच्या वयाचा होता. तक्ता सत्तरला संपत होता. मतदार म्हणून धरलं तर लाडक्या तक्त्याबाहेर, म्हणजे जगाबाहेर. रेशनवाला म्हणून धरलं तर गडद लाल. मॅडमनी रेशन धरलं. नऊ जणांत लाडक्या पहिला.

त्यांनी त्याला समोर बसवून नीट समजावलं. "बाबा, या दोन गोळ्या रोज घ्यायच्या. एक प्रेशरची, एक रक्त पातळ ठेवायची. आज काही दुखत नाही म्हणून सोडायच्या नाहीत. या सोडल्या तर तुमचं भावांसारखं होईल." लाडक्याने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि मुंडाशात खोचलं.

महिन्याने परत आला. प्रेशर दोनशे दहा. गोळ्या संपलेल्या. मी विचारलं, रोज खाल्ल्या? "खाल्ल्या." एकही चुकली नाही? "नाय." अजून एक महिना दिला. पुन्हा दोनशे दहा. मॅडम विचारात पडल्या, गोळीची ताकद वाढवावी का म्हणाल्या. मला मात्र माझ्या लोकांची नस माहीत होती. हा गोळ्या विकत असणार किंवा कोंबड्यांना घालत असणार, असं म्हणत मी एका सकाळी तडक हेदपाडा गाठला.

लाडक्या ओट्यावर उकिडवा बसला होता. समोर पळसाची एकोणीस पानं, ओळीने. हातात दाढीचं पातं. आणि तो एका गोळीचे तुकडे करत होता.

मी जागच्या जागी उभा राहिलो. एवढीशी गोळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, तिचे त्याने एकोणीस कण केले होते आणि एकेक कण बोटाच्या टोकावर घेऊन पानावर टेकवत होता. मग दुसरी गोळी घेतली. तिचेही तसेच. सगळी घरं येऊन आपापलं पान चाटून जात होती, म्हातारी-कोतारी, पोरं, सगळी. शेवटचं पान लाडक्याने चाटलं आणि समाधानाने बिडी पेटवली.

मी जो ओरडलो, तो पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला असेल. लाडक्याने शांतपणे ऐकून घेतलं. तिथली माणसं लहान-मोठ्या सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात अपमान नसतो.

"कंपाउंडर, तू वरडतो कशाला? पाड्यात आलेला पाड्याचा. आमचे पाड्यात कोनी एकटा खात नाय."

"अरे पण धोका तुझ्या एकट्याला आहे!"

"धोका माझा एकट्याचा, ता खरा. पन गोळी चांगली हाय ना?"

"आहे."

"मंग चांगली गोष्ट मी एकट्यानं खाऊ? चोर हाय काय मी?"

माघ्याने मध्ये तोंड घातलं, "मना गुण हाय गोळीचा. गुडघा दुखायचा राहिला." गोळीच्या एकोणिसाव्या हिश्श्याने! मी कपाळावर हात मारला. लोकांना वाटलं माझं डोकं दुखतंय, आणि एका म्हातारीने मला आपलं पान पुढे केलं.

दोन आठवडे मी सगळे उपाय केले. इतरांना गोळी बाधते म्हणून भीती घातली; ते म्हणाले, एवढे दिवस कुठे बाधली? एकोणीस घरांना पुरतील एवढ्या साखरेच्या गोळ्या देऊ का म्हणून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं पत्रक नाही. माझ्यासमोर खा म्हटलं, तर लाडक्याने गोळी तोंडात धरली, ओढ्यापर्यंत गेला आणि काढून फडक्यात बांधली. वाट्यासाठी. हे ठकीनेच मला सांगितलं, आणि सांगताना ती रडत नव्हती, दात खात होती.

मग तिनेच पाडा बसवला. एका दुपारी सगळी घरं आंब्याखाली जमली, मीही गेलो. ठकी मध्ये उभी राहिली आणि बोलली. चाळीस वर्षं नवऱ्याच्या शेवटच्या पानावर संसार केलेली बाई ती.

"सहा पोरा काढली मी. बाळंतीन होती तवा माझे पेजेत कोनी हात घातला? कोनी वाटा मागला? नाय. बाळंतिनीचा खाना बाळंतिनीचाच. पाड्यात एवढी एकच गोष्ट हाय जिचा वाटा होत नाय. मंग या म्हाताऱ्याला बाळंतीन करा नि कोपऱ्यात बसवा!"

मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. विचार सुरू झाला. माघ्या म्हणाला, बाळंतीण म्हटली तर पोर पाहिजे, पोर कुठाय? सगळ्यांनी रुपीकडे पाहिलं. रुपी पाड्याची सुईण. तिच्या हातून अर्धा पाडा जन्माला आलेला, लाडक्याच्या पोरांसकट. ती काडीने जमीन उकरत होती.

"माझे हातात किती बायांची पोरा आली नि गेली," ती म्हणाली. "पोर जगला नाय म्हनून त्या बायांना पेज दिली नाय काय मी? पोर नसला तरी बाई बाळंतीनच असते. याला पन चालंल."

दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला. अशा रीतीने, सर्वानुमते, रेशनकार्डाप्रमाणे चौपन्न वर्षांचा लाडक्या बाळंत झाला.

रुपीने नियमात कसूर केली नाही. डोक्याला फडकं, कानात कापूस, सकाळी शेक, जेवायला नागलीची पेज, मीठ बेताचं. भारा उचलायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही. आणि बिडी? रुपीने डोळे वटारले. बाळंतीण बिडी ओढते? बिडी बंद. सकाळ-संध्याकाळ ठकीने गोळी हातावर ठेवायची आणि लाडक्याने ती भिंतीकडे तोंड करून, चोरी केल्यासारखी गिळायची. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणे. गोळी कडू नव्हती. जन्मात पहिल्यांदा तो काही एकटा खात होता.

बाळंतपण सव्वा महिन्याचं. ते संपलं की पुन्हा वाटा सुरू होणार, म्हणून नवं पाकीट आलं की रुपी येऊन लाडक्याला नव्याने बाळंत करी. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या टेबलावर डोकं टेकवून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चालू दे. माझ्या पुस्तकांत यापेक्षा चांगला उपाय नाहीये."

चौथ्या बाळंतपणानंतर लाडक्या केंद्रात आला, डोक्याला फडकं तसंच. प्रेशर एकशे चाळीस. मी तीनदा मोजलं. मग काय झालं कळलं नाही, मी त्याचा हात धरून तसाच बसून राहिलो. माझ्या गोळीने कुणाचं काही झालेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

हा आनंद नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी पत्रक आलं: लाल यादीतल्या सर्वांना पुन्हा तक्त्यावर बसवावे, ज्यांचा धोका उतरला असेल त्यांना वगळून त्यांच्या जागी नवीन लाल रुग्ण घ्यावेत. लाडक्याची बिडी सुटलेली, प्रेशर एकशे चाळीस. माझं बोट तक्त्यावरून फिरत गेलं आणि पिवळ्यावर थांबलं.

मॅडमनी वर लिहिलं: रुग्णाचे प्रेशर गोळीमुळेच उतरले आहे, गोळी बंद केल्यास पुन्हा चढेल. उत्तर आलं: चढल्यास पुन्हा यादीत घेता येईल. म्हणजे बुडणाऱ्याला दोर टाकायचा, तो काठाला लागला की दोर काढून घ्यायचा, आणि पुन्हा बुडाला तर पुन्हा टाकायचा. मी ते पत्र घेऊन केंद्राभोवती तीन फेऱ्या मारल्या. मॅडम त्या दिवशी हसल्या नाहीत.

लाडक्याला मात्र बरं वाटलं. फडकं सोडून माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला, "सुटलो. आथा मी सगळ्यांसारखा." पाड्यावर जाऊन त्याने आधी बिडी पेटवली आणि मग माशांचे वाटे घातले.

श्रावणात ठकी एका दुपारी केंद्रात आली. चिखल गुडघ्यापर्यंत, ओढा पोहून आलेली. दारातच उभी राहिली. भाताच्या बांधावर लाडक्या बसला, तो बोलेना, उजवा हात उचलेना. बराच वेळाने जीभ परत आली, हात परत आला, माणसांनी घरी नेऊन निजवला होता. हे सगळं तिने सांगितलं आणि मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून म्हणाली,

"सांग तुझे तक्त्याला. आथा लाल झाला."

मॅडम तशाच तिच्याबरोबर निघाल्या, मी मागून पेटी घेऊन. दोनशे वीस. गडद लाल. त्याच संध्याकाळी लाडक्याला यादीत घेतलं आणि रुपीने त्याला पुन्हा बाळंत केलं. परत येताना ओढ्याशी मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "याचं प्रेशर उतरलं की आपण परत गोळी काढून घ्यायची?" मी म्हटलं, "त्याचं प्रेशर उतरणार नाही, मॅडम. ते माझ्याकडे लागलं."

आणि ते उतरलं नाही. यंत्रावर ते एकशे चाळीस, एकशे पस्तीस असं दाखवायचं. वहीत मी दर महिन्याला दोनशे दहा लिहायचो. आयुष्यभर लोकांवर खोटं बोलता म्हणून ओरडलेला मी माणूस, सुवाच्य अक्षरात, लाल शाईने. बिडीच्या रकान्यात "आहे". एकदा थोडी लाज वाटली म्हणून दोनशे आठ लिहिलं. मग बाकीच्या आठ जणांचंही तसंच लिहू लागलो, कारण तेही हळूहळू बरे होत चालले होते आणि ते धोक्याचं होतं. मॅडम वही बघायच्या आणि सही करायच्या. मान वर करून माझ्याकडे कधी बघितलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. दोन हजार तीनच्या संक्रांतीनंतर सगळ्या केंद्रांच्या कंपाउंडरांना सभेला बोलावलं. योजनेच्या साहेबांनी फळ्यावर आलेख काढला. दीड वर्षं गोळ्या देऊनही लाल यादीतल्या कुणाचंही प्रेशर कमी झालेलं नाही. औषधाचा उपयोग नाही, असं आकडे सांगतात. सबब योजना बंद. मी गार पडलो. मग मनात आलं, आमचे तर फक्त नऊ. बाकीच्या केंद्रांचं काय? मी शेजारी पाहिलं. पलीकडच्या केंद्राचा कंपाउंडर, निवृत्तीला आलेला, मान खाली घालून नखं बघत होता. मी हळूच विचारलं, "तू पण?" त्याने मान हलवली. त्याच्या पलीकडचाही नखंच बघत होता. अख्ख्या खोलीत एकही माणूस फळ्याकडे बघत नव्हता.

उठून खरं सांगायला हवं होतं. मी उठलो नाही. एवढ्या जणांच्या नोकऱ्या, मॅडमची सही, असं सगळं मनात आलं, पण खरं कारण एवढंच की मी घाबरलो. इतरांवर ओरडायला लागते ती हिंमत निराळी आणि ही निराळी.

दुसऱ्या दिवशी हेदपाड्यावर गेलो. लाडक्या कोपऱ्यात, डोक्याला फडकं. सुपातली वरई निवडत होता. मी सगळं सांगून टाकलं. गोळ्या बंद झाल्या, आणि त्या माझ्यामुळे बंद झाल्या. मी खोटं लिहिलं म्हणून. ठकी दारात उभी राहून ऐकत होती. ती मला मारेल असं मला वाटलं, आणि तिने मारावं असंही वाटलं.

"किती महिने लिवला खोटा?" लाडक्याने विचारलं.

"दीड वर्ष."

"एवढा सगळा तू एकट्यानं?" त्याने सूप बाजूला ठेवलं. तो खरोखर चिडला होता. त्याला चिडलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. "आमाला सांगायचा होता. एकट्यानं कशाला वागवायचा?"

ठकीला खोट्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, "गोळ्या दुसरीकडं कुठं मिलतात?"

मी म्हटलं, जव्हारला. अन्वरभाईंच्या औषधाच्या दुकानात. पण दर महिन्याला, जन्मभर. एका घराच्या आवाक्यातलं ते नाही.

तिने पाडा बोलावला. यावेळी तिने भाषण केलं नाही. लाडक्यानेही तोंड उघडलं नाही, कारण गोष्ट त्याचीच होती. बोलला माघ्या. गोळीचा वाटा नाय, ती बाळंतिणीची. पन आनायचा वाटा हाय ना? एका घराने एक महिना. ज्याची पाळी त्याने काय विकायचं ते विकावं, जव्हारला जावं आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन यावं. बघता बघता पाळ्या लागल्या. पहिलं घर माघ्याचं, मग रुपीचं, असं करत करत एकोणीस. लाडक्याने आपली पाळी, अर्थात, शेवटी मागितली.

तेवढ्यात रुपी म्हणाली, "नि हा?" तिने माझ्याकडे बोट केलं होतं.

मी म्हटलं, माझं काय? मी सरकारी माणूस, उद्या बदली होईल, मी पाड्यातला नाही.

"खोटा एकट्यानं खाल्ला तवा पाड्यातला नव्हता," लाडक्या फडक्याआडून म्हणाला, "ता तर चूक झाली. आथा बस ओळीत." आणि त्याने मला माघ्याच्या मागे नाही, रुपीच्या मागे नाही, स्वतःच्याही मागे बसवलं. विसावं घर. मला रडू आलं, आणि मी ते खोकून लपवायचा प्रयत्नही केला नाही.

त्या वर्षी मॅडम पुढच्या शिक्षणाला गेल्या. माझी बदली वाड्याला झाली, तिथेच आहे. मतदार यादीप्रमाणे लाडक्या आता ऐंशीचा झाला. माझी पाळी वीस महिन्यांनी एकदा येते. हेदपाड्याहून कुणीतरी बाजाराला आलेला माणूस निरोप ठेवतो, "कंपाउंडर, यंदा तुझा घर," आणि मी रजा टाकून जव्हारची गाडी धरतो. गेल्या महिन्यात हा निरोप चौथ्यांदा आला.